दिमित्री मेंडेलीव्ह : रिकाम्या जागा राखून ठेवणारा रसायनवेत्ता

हळदीच्या पाण्यांत चुन्याची निवळी घातली म्हणजे तें पाणी लाल होतें, हें हिंगोली, वसमत, कळमनुरी ह्या भागांतील शेतकऱ्याच्या घरीं लहान मुलासही ठाऊक असतें. कारण हळद हें आमच्या जिल्ह्याचें मोठें नगदी पीक आहे, आणि चुना तर प्रत्येक गांवांत मिळतो. परंतु चुना जें करितो तें गंधकाचा धूर कां करीत नाहीं? चुन्यांत धातूच्या एका परमाणूशीं प्राणवायूचा एकच परमाणु जोडलेला, आणि वाळूंत सिलिकॉनच्या एका परमाणूमागें प्राणवायूचे दोन, असें कां? हे प्रश्न पुष्कळ अंशीं पदार्थास हात न लावतां, केवळ एका कोष्टकांत त्याची जागा पाहून सोडवितां येतात. तें कोष्टक आमचीं मुलें-मुली दहावीच्या वर्गांत आवर्तसारणी ह्या नांवानें पाठ करितात. पण तें कोणीं रचलें आणि रचतांना आपला लौकिक कसा पणास लाविला, हें त्यांस क्वचितच सांगण्यांत येतें. म्हणून ह्या आठवड्यांत आम्ही रशियांतील रसायनवेत्ते दिमित्री मेंडेलीव्ह ह्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

मेंडेलीव्ह ह्यांचा जन्म सायबेरियांतील टोबोल्स्क ह्या गांवीं ८ फेब्रुवारी १८३४ रोजीं झाला. त्यांचे आजोबा ऑर्थोडॉक्स मंडळीचे पाळक होते, व वडील इव्हान हे तेथील शाळेचे मुख्य अधिकारी होते. पुष्कळ भावंडांत दिमित्री हा शेंडेफळ. त्याच्या जन्माच्याच वर्षीं वडिलांची दृष्टि गेली, नोकरी सुटली, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार आई मारियाबाई ह्यांच्यावर पडला. त्यांच्या माहेरच्या लोकांचा जवळच्या खेड्यांत कांचेचा एक कारखाना होता; तो चालविण्याचें काम ह्या माउलीनें पत्करिलें. लहानपणीं दिमित्रीनें तेथें वाळू व क्षार भट्टींत वितळून त्यांची स्वच्छ कांच होतांना पाहिली.

इ. स. १८४७ मध्यें वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं तो कारखाना आगींत जळून गेला. दुसरी एखादी स्त्री खचली असती. पण मारियाबाईंनीं उरलेलें किडुकमिडुक विकून १८४९ सालीं ह्या मुलास बरोबर घेतलें, आणि दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून मॉस्को गांठलें. तेथील विद्यापीठानें सायबेरियाच्या मुलास प्रवेश नाकारिला. तेव्हां त्या आणखी पुढें सेंट पीटर्सबर्ग येथें गेल्या. तेथें १८५० सालीं शिक्षक तयार करणाऱ्या एका सरकारी संस्थेंत मुलास जागा मिळाली, आणि आपलें काम संपलें असें जणूं जाणून ती माता त्याच वर्षीं प्रभूच्या विसाव्यांत गेली. सदतीस वर्षांनंतर द्रावणांविषयीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करितांना मेंडेलीव्ह ह्यांनीं तो आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केला, आणि तिनें उदाहरणानें शिकविलें व प्रेमानें सुधारिलें, हें ऋण त्यांत नमूद केलें.

प्रकृति नाजूक असतांही त्यांनीं १८५५ सालीं अभ्यासक्रम उत्तम रीतीनें पुरा केला, कांहीं काळ दक्षिणेकडे शिक्षकाचें काम केलें, आणि १८५९ सालीं सरकारी खर्चानें जर्मनींत हायडेलबर्ग येथें गेले. तेथें असतां १८६० सालीं कार्ल्सरूहे शहरीं भरलेल्या रसायनवेत्त्यांच्या परिषदेस ते हजर राहिले. त्या काळीं एकाच मूलद्रव्याचा परमाणुभार एक पंडित एक सांगे, तर दुसरा त्याच्या दुप्पट. कॅनिझारो नामक इटालियन शास्त्रज्ञानें हे भार एकाच मापानें कसे ठरवावे हें त्या परिषदेंत स्पष्ट केलें. तें मेंडेलीव्ह ह्यांच्या मनांत खोल रुजलें.

परत आल्यावर १८६७ सालीं ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठांत रसायनशास्त्राचे मुख्य अध्यापक झाले. विद्यार्थ्यांस देण्याजोगें चांगलें पुस्तक रशियन भाषेंत नव्हतें, म्हणून त्यांनीं स्वतःच लिहावयास घेतलें. पहिला भाग संपत आला, तेव्हां त्यांत थोड्याच मूलद्रव्यांचें वर्णन झालें होतें. पन्नासांहून अधिक मूलद्रव्यें अजून उरलीं होतीं. त्यांस कोणत्या क्रमानें मांडावें? विद्यार्थ्यांस विषय सुबोध व्हावा ह्या शिक्षकाच्या तळमळींतूनच पुढचा मोठा शोध निघाला, ही गोष्ट आमच्या शाळांतील व शब्बाथ शाळांतील शिक्षकांनीं ध्यानांत ठेवावी.

१ मार्च १८६९ रोजीं मेंडेलीव्ह ह्यांनीं आलेल्या एका पत्राच्या पाठीमागील कोऱ्या जागेवर परमाणुभारांचे आंकडे मांडून पाहिले, आणि त्याच दिवशीं त्या वेळीं ठाऊक असलेल्या ६३ मूलद्रव्यांचें पहिलें कोष्टक तयार केलें. मूलद्रव्यें परमाणुभाराच्या चढत्या क्रमानें मांडलीं तर त्यांचे गुण ठराविक अंतरानें पुनः पुनः येतात, असें त्यांच्या ध्यानांत आलें. आठवड्याचे वार फिरून फिरून येतात आणि भिंतीवरील दिनदर्शिकेंत रविवारच्या सर्व तारखा एका रांगेंत पडतात, तसेंच हें आहे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे मऊ व चटकन पेटणारे धातु एका रांगेंत. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन दुसऱ्या रांगेंत. येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें आहे. इंग्लंडचे न्यूलँड्स व जर्मनीचे लोथर मायर ह्यांनींही अशीच मांडणी चालविली होती. परंतु मेंडेलीव्ह ह्यांनीं त्या मांडणीस निसर्गाचा नियम मानून तिच्यावर भार टाकिला.

ह्या नियमाची किल्ली ऑक्साइडांत, म्हणजे प्राणवायूशीं झालेल्या संयोगांत, सांपडते. लोखंडाचा गंज, वैद्याचें जसदभस्म, भाजलेली चुनकळी, नदीची वाळू हीं सर्व ऑक्साइडेंच होत. आतां कोष्टकाची एक आडवी ओळ घ्या : सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, स्फुरद, गंधक, क्लोरीन. ह्यांपैकीं प्रत्येकाचे दोन परमाणु घेतले, तर त्यांशीं प्राणवायूचे जास्तींत जास्त किती परमाणु जोडले जातात? सोडियमशीं १, मॅग्नेशियमशीं २, ॲल्युमिनियमशीं ३, सिलिकॉनशीं ४, स्फुरदाशीं ५, गंधकाशीं ६ आणि क्लोरीनशीं ७. जिन्याच्या पायऱ्या जशा एकेक चढाव्या तसा हा क्रम आहे, आणि १८७१ सालच्या आपल्या सुधारलेल्या कोष्टकांत मेंडेलीव्ह ह्यांनीं प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर त्या रकान्याच्या ऑक्साइडाचें सूत्रच लिहून ठेविलें. म्हणजे रकाना कळला कीं सूत्र कळलें. कित्येक मूलद्रव्यें ह्याहून कमी प्राणवायूही घेतात. गंधक नुसता जाळिला तर त्याच्या धुरांत एका परमाणूमागें प्राणवायूचे दोनच परमाणु असतात, तीन नव्हेत. रकाना सांगतो ती सर्वांत वरची पायरी होय.

ओळींत जागा कोठें आहे ह्यावरून संयुगाचा स्वभावही कळतो. डावीकडील धातूंचा परमाणु आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकितो, प्राणवायु ते घेतो, आणि देणारा व घेणारा विद्युत्-आकर्षणानें एकमेकांस घट्ट धरून राहतात. अशीं ऑक्साइडें घन व सहसा न वितळणारीं असतात. तीं आम्लास मारितात. डावीकडच्याच दुसऱ्या रकान्यांतील कॅल्शियमचा चुना हळदीस लाल करितो तो ह्याच कारणानें. उजवीकडील गंधकासारखीं मूलद्रव्यें आपले इलेक्ट्रॉन सोडीत नाहींत, तर प्राणवायूबरोबर त्यांची भागीदारी करितात. त्यांच्या ऑक्साइडांतील लहान लहान अणु एकमेकांस सैल असल्यामुळें त्यांपैकीं पुष्कळ वायुरूप असतात, आणि पाण्यांत मिसळून आम्ल बनतात. म्हणूनच गंधकाच्या धुरानें हळद लाल होत नाहीं. मधल्या जागेवरील ॲल्युमिनियमचें ऑक्साइड दोन्ही पक्षांस मिळतें. आम्लासही विरघळवून घेतें आणि तीव्र क्षारासही. सिलिकॉनमध्यें भागीदारीच आहे, पण ती एका लहान अणूपुरती न राहतां जाळ्यासारखी सर्वत्र पसरते. म्हणून कर्बाचें ऑक्साइड श्वासांतून जाणारा वायु, आणि त्याच रकान्यांत खालीं बसणाऱ्या सिलिकॉनचें ऑक्साइड कठीण गारगोटी. रकान्यांत जसजसें खालीं जावें तसतसा धातूचा स्वभाव वाढतो. त्याच रकान्यांत बरेंच खालीं शिसें आहे. इलेक्ट्रॉनांचें हें स्पष्टीकरण मेंडेलीव्ह ह्यांस ठाऊक नव्हतें. तें त्यांच्या पश्चात् पुढें आलें. त्यांस फक्त क्रम दिसला होता.

ह्या क्रमावर त्यांचा किती भरंवसा होता तें आतां पाहूं. पाचूमध्यें बेरिलियम नांवाचा धातु असतो. त्याचें ऑक्साइड ॲल्युमिनियमसारखें, म्हणजे दोन परमाणूंस तीन प्राणवायूचे, असें बहुतेकांचें मत होतें, आणि त्या हिशेबानें त्याचा परमाणुभार सुमारें १४ येई. पण १४ वर नत्रवायु बसलेला. तेथें दुसऱ्यास जागा नाहीं. मेंडेलीव्ह म्हणूं लागले कीं ऑक्साइडाचें सूत्रच चुकलें आहे. तें चुन्यासारखें एकास एक असें धरा, म्हणजे भार सुमारें ९ होईल, आणि लिथियमचा ७ व बोरॉनचा ११ ह्यांच्या मधोमध त्याचें रिकामें घर तयारच आहे. स्वीडनचे निल्सन व पेटर्सन ह्यांनीं ह्यास विरोध केला. तथापि त्यांनींच १८८४ सालीं बेरिलियम क्लोराइडाची वाफ तोलून पाहिली, आणि निकाल मेंडेलीव्ह ह्यांच्या बाजूनें लागला. इंडियम धातूविषयीं त्यांनीं उलट दिशेनें तेंच केलें : त्याचें ऑक्साइड एकास एक नसून दोहोंस तीन आहे, व भार ७५ नसून ११३ च्या सुमारास आहे, असें त्यांनीं ठरविलें, आणि तेंही खरें निघालें.

परंतु सर्वांत मोठें धाडस म्हणजे त्यांनीं कोष्टकांत कांहीं घरें मुद्दाम रिकामीं ठेविलीं, आणि त्यांत कोण येऊन बसणार हें १८७१ सालीं आगाऊ छापून टाकिलें. त्या अज्ञात मूलद्रव्यांस त्यांनीं संस्कृतांतील एक हा अंक लावून नांवें दिलीं : एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन, म्हणजे त्या त्या मूलद्रव्याच्या खालचें पहिलें घर. दूर रशियांतील ह्या ग्रंथांत आपल्या ओळखीचा हा शब्द पाहून कोणा मराठी वाचकास आनंद होणार नाहीं?

इ. स. १८७५ मध्यें फ्रान्सांतील लेकॉक द ब्वाबोद्रां ह्यांस एक नवा धातु सांपडला; त्याचें नांव त्यांनीं गॅलियम ठेविलें. मेंडेलीव्ह ह्यांनीं तत्काळ कळविलें कीं हेंच माझें एक-ॲल्युमिनियम. त्या फ्रेंच गृहस्थांनीं धातूची घनता ४.७ मोजली होती. ज्यांनीं तो धातु डोळ्यांनींही पाहिला नव्हता त्या मेंडेलीव्ह ह्यांनीं ती ५.९ ते ६ असली पाहिजे असें सांगितलें. धातु अधिक शुद्ध करून पुनः मोजला, तेव्हां आंकडा ५.९ आला. ऑक्साइडही ॲल्युमिनियमप्रमाणेंच, दोहोंस तीन. हा धातु लवकर वितळेल हेंही त्यांनीं सांगितलें होतें. आणि खरोखर तो ३० अंशांच्या आंतच वितळतो. आमच्याकडील वैशाखाच्या उन्हांत तो डबींत पाऱ्यासारखा पातळच राहील!

१८७९ सालीं निल्सन ह्यांनीं स्कँडियम शोधिला, तो एक-बोरॉन ठरला. आणि १८८६ सालीं जर्मनींत फ्रायबर्ग येथें विंक्लर ह्यांस चांदीच्या एका खनिजांत जर्मेनियम सांपडला, तो एक-सिलिकॉन ठरला. मेंडेलीव्ह ह्यांनीं भार ७२ सांगितला होता; विंक्लर ह्यांस ७२ हून किंचित् अधिक मिळाला. ऑक्साइडांत एकास दोन प्राणवायु व घनता ४.७ सांगितली होती, तसेंच आढळलें. क्लोराइड हा पातळ पदार्थ असून १०० अंशांच्या थोडा खालीं उकळेल, असें लिहिलें होतें. तो ८६ अंशांच्या सुमारास उकळला. पंधरा वर्षांपूर्वीं आमंत्रण मिळालेला पाहुणा आपल्या नांवाच्या पाटावर येऊन बसावा, असें झालें. १८८२ सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीनें मेंडेलीव्ह व लोथर मायर ह्या दोघांस मिळून डेव्ही पदक दिलें होतें.

थोर मनुष्याचे दोष झांकणें ही चरित्रलेखकाची सेवा नव्हे. मेंडेलीव्ह ह्यांचें गृहजीवन निर्दोष नव्हतें. त्यांनीं १८८२ सालीं पहिल्या पत्नीपासून विभक्त होऊन दुसरा विवाह केला, व तो त्यांच्या मंडळीच्या नियमाबाहेरचा होता. शास्त्रांतही ते चुकले. टेल्यूरियमचा भार आयोडीनपेक्षां कमी असलाच पाहिजे असें ते म्हणत. पण तो खरोखरच अधिक आहे. घरें क्रमानें लावण्याचें खरें माप परमाणुभार नसून परमाणूच्या गाभ्यांतील विद्युद्भार आहे, हें १९१३ सालीं मोस्ली ह्या तरुण इंग्रजानें दाखविलें. १८९४ सालीं आरगॉन वायु सांपडला तेव्हां, ज्यांनीं इतरांच्या शोधांसाठीं घरें मोकळीं ठेविलीं होतीं त्यांसच ह्या अनपेक्षित पाहुण्यास जागा देणें जड गेलें. कांहीं वर्षें शंका घेऊन मग त्यांनीं त्याचा स्वीकार केला. आणि परमाणूहून लहान इलेक्ट्रॉन असतो व एक मूलद्रव्य मोडून दुसरें होतें, हें नवें ज्ञान त्यांस अखेरपर्यंत रुचलें नाहीं. नियम खरा राहिला. नियम सांगणारा मात्र मर्त्य व चुकणारा होता.

तथापि ते भित्रे नव्हते. १८८७ सालीं खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं ते एकटेच विमानगोलांत बसून ढगांच्या वर गेले. १८९० सालीं विद्यार्थ्यांचा एक अर्ज त्यांनीं स्वतः शिक्षणमंत्र्याकडे नेला. तो नाकारून परत आला, तेव्हां त्यांनीं विद्यापीठाची जागा सोडिली. १८९३ पासून ते रशियाच्या वजनमापांच्या खात्याचे प्रमुख होते. १९०६ सालीं नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव पुढें आलें होतें, पण तें दुसऱ्यास मिळालें. आणि २ फेब्रुवारी १९०७ रोजीं त्यांनीं देह ठेविला. १९५५ सालीं तयार केलेल्या १०१ व्या मूलद्रव्यास त्यांच्या नांवावरून मेंडेलीव्हियम असें म्हणतात. आज त्या कोष्टकांत ११८ घरें भरलीं आहेत.

हीं मूलद्रव्यें मुळांत कोठें घडलीं, हा प्रश्न त्यांच्या काळीं कोणास सोडवितां आला नव्हता. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन अतिघन ताऱ्यांच्या टकरीचे गुरुत्वतरंग पृथ्वीवर टिपले गेले, आणि त्या टकरींत अतिशय जड मूलद्रव्यें तयार झाल्याच्या खुणा दुर्बिणींतून दिसल्या. असेच तरंग टिपण्याच्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठीं आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ जवळची जागा निवडण्यांत आली, व ११ मे २०२३ रोजीं तिची कोनशिला बसविण्यांत आली. ज्या कोष्टकाचा आरंभ एका पत्राच्या पाठीवर झाला, त्याचा पुढचा अध्याय आमच्या शेतांच्या बांधाजवळ लिहिला जाण्याची आशा आहे.

ह्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत विश्वासाची जी ओळख आहे ती आमच्या वाचकांस पाठ आहे. विज्ञानवेत्त्याचा नियमावरील भरंवसा आणि तारणाचा विश्वास हे एकच होत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु न दिसलेल्या गोष्टीसाठीं घर राखून ठेवणें, तिचें वर्णन सर्वांदेखत लिहून देणें, आणि आपलें म्हणणें खोटें ठरूं शकेल अशा परीक्षेस स्वतः उभें राहणें, ह्या तीन गोष्टी प्रामाणिक मनाच्या आहेत. ज्याचा देवाच्या सृष्टींत सुव्यवस्था आहे ह्यावर विश्वास आहे, त्यानें परीक्षेस भिण्याचें कारण नाहीं. उलट, ठाऊक नसलेल्या जागीं कांहींतरी भरून टाकणें आणि सर्व ठाऊक असल्याचा आव आणणें, हा मोह शाळेंत, पंचायतींत व व्यासपीठावरही आम्हांस घेरितो. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविणें ही लाजेची गोष्ट नव्हे.

आणि आईबापांनीं मारियाबाईंस विसरूं नये. दूरच्या गांवची एक विधवा, जळालेला कारखाना, शिकण्याची हौस असलेला एक मुलगा : एवढेंच भांडवल होतें. आमच्या खेड्यांतही अशीं मुलें आहेत, आणि मुलीही आहेत. दहावीच्या पुस्तकांतील तें कोष्टक घेऊन मुलें घरीं बसलीं, तर त्यांस शेताच्या कामाकडे लगेच हांक मारूं नका. त्यांस एक चिमूट हळद, थोडी चुन्याची निवळी आणि एक लिंबू द्या. निवळी डोळ्यांस लागूं नये एवढी काळजी घ्या. आणि चुन्यानें लाल झालेलें पाणी लिंबाच्या रसानें पुनः पिवळें कसें होतें तें त्यांच्याकडूनच समजून घ्या.